गोड बातमी साहेबांना केव्हा सांगावी?

(पंचायत समिती सदस्य, मुख्याध्यापक व कार्यालयप्रमुख यांच्या प्रशिक्षण वर्गात एका महिला माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'महिला कर्मचाऱ्यांचे हक्क' या विषयावर मी आपल्यापुढे बोलावे, असे मला कळविण्यात आले होते. विषय मोठा आहे. त्यातील कायद्याची कलमे मी ओळीने वाचून दाखविली, तर माझा वेळ संपेल आणि आपणही सुटकेचा निःश्वास टाकाल. म्हणून मी आज एकच लहानसा प्रश्न निवडला आहे. हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही. तो कार्यालयाच्या जिन्यावर, शिक्षिकांच्या खोलीत किंवा एस. टी. च्या बाकावर दोन स्त्रियांमध्ये हलक्या आवाजात विचारला जातो. एकीला दिवस गेलेले असतात आणि दुसरी तिला विचारते, "ऑफिसात सांगितलंस का?" बहुतेक वेळा उत्तर येते, "अजून नाही. बघू."

हे 'बघू' किती दिवसांचे असावे, त्यामागे कोणती भीती असते आणि ती दूर करणे कोणाच्या हाती आहे, याविषयी मी बोलणार आहे.

परंपरेचे वेळापत्रक

ही बातमी केव्हा आणि कोणाला सांगायची, याचा विचार आपल्या समाजाने पूर्वीपासून केलेला आहे. सुरुवातीच्या महिन्यांत घराबाहेर वाच्यता करावयाची नाही, असा रिवाज होता. मग चोरओटी भरली जाई. तिचे नावच सांगते की ती चार घरच्या माणसांत, गाजावाजा न करता भरावयाची. डोहाळजेवण होई ते सातव्या महिन्याच्या सुमारास, तेव्हा सारी आळी जमे. बातमी आधी नवऱ्याला, मग सासूला आणि आईला, मग जवळच्या नातलगांना आणि शेवटी गावाला, अशी उतरंड होती. या रिवाजात दृष्ट लागण्याची भीती होती हे खरे. पण एक अनुभवही होता. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राने सांगण्यापूर्वी आपल्या आज्यांना ठाऊक होते. सांगितलेली बातमी परत घेण्याचे दुःख सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढा शहाणपणा त्यात होता.

या वेळापत्रकात एका माणसाला मात्र जागा नव्हती. तो म्हणजे पगार देणारा. शेतावर आणि घरात राबणाऱ्या बाईचा मालक घरातलाच असे. गिरणी आली, शाळा आली, कचेरी आली आणि प्रश्न निर्माण झाला की साहेबांचा नंबर कितवा?

माझी स्वतःची हकीकत

या प्रश्नाशी माझा संबंध आला तो सुमारे वीस वर्षांपूर्वी. बी. ए. झाल्यावर शासकीय सेवेत येण्यापूर्वी मी एका खाजगी संस्थेत तात्पुरत्या नेमणुकीवर काम करीत होते. संस्थेत वीस-बावीस माणसे होती. प्रचाराची प्रदर्शने भरविणे हे आमचे काम. नेमणूक सहा महिन्यांची असे आणि पुढच्या सहा महिन्यांचा आदेश साहेबांच्या सहीने निघे. मला आठ महिने झाले होते. मला दिवस गेल्याचे कळले तेव्हा पुढचा आदेश निघण्यास काही महिने बाकी होते. आम्ही घरात ठरविले की आदेश हाती पडेपर्यंत कार्यालयात बोलायचे नाही.

अकराव्या आठवड्यात एका गावी आमचे प्रदर्शन होते. टेम्पोतून चित्रांच्या चौकटी आणि पुस्तकांची खोकी उतरवावयाची होती. सर्वांबरोबर मीही उतरविली. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. त्याच रात्री त्रास सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सारे संपले.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितले की, खोकी उचलल्यामुळेच असे झाले असे मनात धरून बसू नका. सुरुवातीच्या काळातील बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात, आईच्या चुकीमुळे होत नाहीत. हे मी येथे मुद्दाम सांगते; कारण अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी सुनेलाच दोष देतात.

परंतु त्यानंतर जे घडले त्याला मात्र गुणसूत्रे कारण नव्हती. मी कार्यालयात 'ताप आला आहे' असा निरोप पाठविला. तापाला चार दिवस पुरतात. पाचव्या दिवशी मी कामावर हजर झाले आणि दिवसभर प्रदर्शनात उभी राहिले. साहेब म्हणाले, "अहो, ताप होता तर आधी कळवायचं तरी." ते मनाने वाईट नव्हते. मी सांगितले असते तर त्यांनी काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित खुर्ची दिली असती. कदाचित पुढचा आदेश काढला नसता.

गर्भपात झालेल्या कामगार स्त्रीला सहा आठवड्यांची भरपगारी रजा त्या वेळच्या कायद्यातही होती. ती माझ्या हक्काची होती, हे मला अनेक वर्षांनी, दुसऱ्यांना माहिती देण्याचे काम करू लागल्यावर समजले. त्या कायद्यातील तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावला पाहिजे, असे बंधन मालकावर होते. आमच्या फलकावर सुट्यांची यादी होती आणि चहाच्या वर्गणीचा हिशेब होता. तो गोषवारा नव्हता.

कायदा कसा आला

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या देशात प्रसूतीच्या लाभाचा पहिला कायदा झाला तो मुंबई प्रांतात, १९२९ साली. त्याचे विधेयक कायदेमंडळात चर्चेला आले असता १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले होते. त्यानंतर इतर प्रांतांनी कायदे केले आणि स्वातंत्र्यानंतर १९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूती लाभ अधिनियम झाला. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. दोन अपत्ये हयात असतील तर ती १२ आठवडेच राहिली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळते. दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असतील तर ती १८० दिवसांची असते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. अमुक आठवड्यापर्यंत मालकाला सांगितलेच पाहिजे, असे आपला कायदा म्हणतो काय? नाही. रजेची नोटीस गरोदरपणी केव्हाही देता येते; ती राहून गेली तर बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर देता येते; आणि केवळ नोटीस दिली नाही एवढ्या कारणावरून लाभाचा हक्क बुडत नाही. पूर्वअट एवढीच की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे. याचा अर्थ असा की, सांगण्याची वेळ ठरविण्याचा अधिकार कायद्याने स्त्रीच्या हाती ठेवला आहे.

न्यायालयांनीही हीच दिशा दाखविली आहे. एअर इंडियाच्या सेवाशर्तींत पूर्वी असे होते की, हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिची नोकरी संपे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली ही अट रद्द केली. आयुर्विमा महामंडळात १९८९ साली नीरा माथुर या परिविक्षाधीन म्हणून रुजू झाल्या. नेमणुकीच्या वेळी भरावयाच्या घोषणापत्रात शेवटच्या पाळीची तारीख, सध्या गरोदर आहात काय, पूर्वी किती वेळा गर्भ राहिला, गर्भपात झाला होता काय, असे रकाने होते. पुढे बाळंतपणाची रजा घेतल्यावर त्यांना सेवेतून कमी करण्यात आले आणि कारण देण्यात आले की घोषणापत्रात खोटी माहिती दिली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घेण्यास सांगितले आणि ते रकानेच काढून टाकावेत, असे महामंडळाला सुचविले. स्त्रीने खोटे का लिहिले, यापेक्षा तिला ते विचारलेच का, हा प्रश्न न्यायालयाला महत्त्वाचा वाटला. आपल्यापैकी जे मुलाखती घेतात, नेमणुका करतात, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

मग केव्हा सांगावे?

कायद्याने मुदत घातलेली नाही, म्हणून शेवटपर्यंत गप्प राहावे असे मात्र नाही. गप्प राहण्याची किंमत मी मोजलेली आहे. तेव्हा अनुभवावरून आणि कायद्यावरून काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट : आरोग्य केंद्रात नाव नोंदविणे आणि कार्यालयात सांगणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उशीर करू नये. पहिल्या बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली तर रक्तदाब, रक्तातील लोह, साखर यांची तपासणी वेळेवर होते. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर मातांची विशेष तपासणी होत असते. खेड्यात अडचण अशी होते की, आरोग्यसेविका ओळखीची, तिची जाऊ शाळेत, तिथून बातमी मुख्याध्यापकांपर्यंत जाईल, या धास्तीने शिकलेल्या स्त्रियासुद्धा नोंदणी लांबवितात. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही माहिती गुप्त ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट : काही कामे अशी आहेत की तेथे कळताक्षणीच सांगितले पाहिजे. क्ष-किरण विभाग, रसायने व कीटकनाशके यांच्याशी संबंधित काम, जड ओझी उचलणे, संसर्गजन्य रोग्यांची शुश्रूषा ही अशी कामे होत. गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडत असतात. तेथे तीन महिने थांबणे म्हणजे धोक्याचा काळ उलटल्यावर सावध होणे. तसेच रक्तस्राव, असह्य उलट्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती असे काही असेल, तर निदान एका वरिष्ठाला विश्वासात घ्यावे. मी हे केले नाही.

तिसरी गोष्ट : टेबलाचे काम किंवा वर्ग शिकविणे असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर चौथ्या महिन्याचा प्रारंभ ही योग्य वेळ आहे. पहिल्या तीन महिन्यांचा धोका ओसरलेला असतो, पहिली सोनोग्राफी झालेली असते आणि कार्यालयाला पुढची व्यवस्था करण्यास काही महिने मिळतात. दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षिका सहा महिने रजेवर जाणार असेल, तर मुख्याध्यापकांची अडचण खोटी नसते. चार वर्ग एका शिक्षकावर पडतात आणि नुकसान मुलांचे होते. वेळेवर मिळालेली सूचना ही त्या मुलांसाठीही असते.

चौथी गोष्ट : सातवा महिना ही अखेरची हद्द समजावी. अपेक्षित तारखेच्या आधी ८ आठवड्यांपर्यंतची रजा घेता येते. त्याशिवाय प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा जो एक महिना, त्या काळात कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. पण या तरतुदीत एक शब्द आहे : 'विनंती केल्यास'. जी बाई सांगतच नाही ती विनंती कशी करणार? बसवाहक भगिनी, परिचारिका, दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिका यांच्या दृष्टीने हा एक शब्द फार महत्त्वाचा आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. नेमणूक कंत्राटी असेल, परिविक्षेचा काळ असेल, आदेश नवा व्हायचा असेल, तर काय करावे? आदेश हाती पडेपर्यंत एखादी थांबली, तर तिने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. कायदा तिला सांगण्याची सक्ती करीत नाही. पण तिने आपली कागदपत्रे जपावीत : नेमणुकीचा आदेश, पगाराच्या पावत्या, हजेरीचा पुरावा, डॉक्टरांचा दाखला. ८० दिवसांचा हिशेब याच कागदांवर होतो. आणि आदेश मिळाल्यावर लगेच लेखी कळवावे. कारण नंतर कोणी अन्याय केलाच तर 'आम्हाला माहीतच नव्हते' असे म्हणण्यास जागा उरत नाही. गरोदरपणी कामावरून काढले तरी लाभाचा हक्क संपत नाही आणि अशा आदेशाविरुद्ध साठ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. रजेच्या काळातच करार संपला तर काय, हा प्रश्न दिल्लीतील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. करार संपला तरी प्रसूतीचे लाभ पूर्ण दिले पाहिजेत, असा निकाल २०२३ साली झाला. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना हे लाभ मिळाले पाहिजेत, असा निकाल तर २००० सालीच झालेला आहे.

कसे सांगावे?

प्रथम आपल्या लगतच्या वरिष्ठांना स्वतः सांगावे. मैत्रिणीमार्फत, शिपायामार्फत ही बातमी जाऊ देऊ नये. त्यानंतर लेखी अर्ज द्यावा. अपेक्षित तारीख, रजेवर जाण्याचा अंदाजे दिवस, डॉक्टरांचा दाखला एवढे त्यात पुरे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. शिक्षिकांनी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवावा आणि प्रत जपून ठेवावी. निवडणुकीचे काम लागण्याचा संभव असेल, तर त्यातून सूट मिळण्याचा अर्ज त्याच सुमारास द्यावा. आदल्या दिवशी तहसील कचेरीत धावपळ करण्याची वेळ येऊ देऊ नये.

प्रमुखांनी काय करावे?

आतापर्यंत मी भगिनींना सांगत होते. आता समोरच्या ओळीत बसलेल्यांना सांगते. त्यात मीही आले.

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयात एक कंत्राटी लिपिक मुलगी होती. कामात चोख. एके दिवशी दुपारी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मला सातवा लागलाय." मी चकित झाले. सैल कपड्यांखाली तिने सहा महिने लपविले होते. त्या काळात तिने जिल्ह्याचे दौरे केले होते आणि उन्हातान्हात जीपमधून हिंडली होती. मी रागाने विचारले, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?" ती खाली मान घालून म्हणाली, "मार्चअखेर करार नवा व्हायचा होता ना, मॅडम."

मी निरुत्तर झाले. हेच वाक्य मी एकदा माझ्या नवऱ्याला म्हटले होते. ज्या साहेबांना मी सांगू शकले नव्हते, त्यांच्या जागी आता मी होते. आणि ती मुलगी मला सांगू शकली नव्हती. मी तिचा करार थांबविला असता काय? मुळीच नाही. पण हे तिला कसे कळावे? मी तसे कधी बोलले नव्हते. माझ्याही फलकावर तो गोषवारा नव्हता. तो त्याच संध्याकाळी लावला.

तेव्हा कार्यालयप्रमुखांना माझ्या काही विनंत्या आहेत. मुलाखतीत किंवा नेमणुकीच्या वेळी 'लग्न झाले का, मूल केव्हा होणार' असे विचारू नये. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला प्रसूतीच्या लाभांची माहिती लेखी द्यावी. आस्थापनांवर ते बंधनच आहे. कोणी सांगितले, तर प्रथम अभिनंदन करावे. हे अगदी साधे वाटेल, पण 'अरेरे, ऐन परीक्षेच्या वेळी!' हे उद्गार ती स्त्री जन्मभर विसरत नाही. तिने सांगितलेली गोष्ट तिची आहे. ती शिक्षकांच्या खोलीत आपण जाहीर करू नये. तिला न विचारता तिच्याकडील जबाबदारीचे काम काढून घेऊ नये. काय झेपते ते ती सांगेल. रजेचा परिणाम गोपनीय अहवालात दिसू देऊ नये. आणि बदली व्यवस्थेचा प्रस्ताव अर्ज आल्याच्या आठवड्यातच वर पाठवावा, म्हणजे मुलांचे नुकसान तिच्या माथी मारले जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. ती परत येईल तेव्हा मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी तिला दिवसातून दोन वेळा विशेष सुट्टी देण्याची तरतूद आहे आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय करावयाची आहे. जिला परत येण्याची खात्री वाटते, तीच वेळेवर सांगते.

ज्यांना कचेरीच नाही त्यांचे काय?

पंचायत सदस्यांनी येथपर्यंत ऐकून मनात म्हटले असेल की, बाई बोलतात ते पगारदारांचे. आमच्या गावच्या बायकांचा साहेब कोण? प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा साहेब म्हणजे मुकादम. तेथे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात आणि उचल त्या जोडीवर मिळते. बायको गरोदर आहे असे सांगितले, तर कोयता अर्धा झाला असे समजले जाते. काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. तेव्हा ती सांगत नाही आणि पोटुशी असताना मोळ्या वाहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. आपल्या शरीराची गोष्ट काम देणाऱ्याला सांगता न येणे, हे त्याही दुखण्याच्या मुळाशी आहे.

येथे ग्रामपंचायतीला करण्यासारखे बरेच आहे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी गावातील गरोदर स्त्रियांची आरोग्यसेविकेमार्फत नोंद घ्यावी, त्यांच्या हाती माता व बालसंरक्षण कार्ड द्यावे आणि टोळी ज्या कारखान्याकडे जाणार तेथील आरोग्य केंद्राला कळवावे. मुकादम बहुधा पंचक्रोशीतलाच असतो. सरपंचांनी त्याला बोलावून चार शब्द सांगितले, तर ते कायद्याच्या कलमाइतके उपयोगी पडतात. ग्रामपंचायत स्वतःही मालक असते, हे विसरू नये. आपल्याकडील सफाई कामगार आणि कंत्राटावरील संगणक चालक यांना आपण काय देतो, ते प्रथम पाहावे.

समारोप

बंधुभगिनींनो, 'केव्हा सांगावे' या प्रश्नाचे उत्तर मी महिन्यांच्या हिशेबात दिले : धोक्याच्या कामात ताबडतोब, एरवी चौथ्या महिन्यात आणि काही झाले तरी सातव्याच्या आत. पण खरे उत्तर महिन्यांत नाही. जेथे सांगितल्याने नोकरी जाणार नाही, असा विश्वास असतो, तेथे स्त्रिया लवकर सांगतात. जेथे तो नसतो, तेथे त्या सैल कपडे घालतात.

येथून परत गेल्यावर आपण प्रत्येकाने एकच काम करावे, एवढीच विनंती आहे. आपल्या कार्यालयाचा, शाळेचा, पंचायतीचा फलक पाहावा. प्रसूतीच्या लाभांचा मराठी गोषवारा तेथे आहे काय, ते तपासावे. नसेल तर लावावा आणि त्याखाली आपल्या सहीने एक ओळ लिहावी : 'याबाबत माझ्याशी निःसंकोच बोलावे, नेमणुकीवर परिणाम होणार नाही.' ती ओळ लिहिण्यास शासनाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. आणि लिहिल्यावर ती पाळावी.

वीस वर्षांपूर्वी अशी एक ओळ मला वाचावयास मिळाली असती, तर मी ती खोकी उचलली नसती आणि तापाचे कारण सांगून पाचव्या दिवशी उभी राहिले नसते.